गाडेकर सरांची माती

गाडेकर सर चहात साखर टाकत, पण ढवळत नसत. स्टाफरूममध्ये कपाकडे टक लावून बसत. पहिल्याच दिवशी मी न राहवून चमचा पुढे केला, तर म्हणाले, "अगं, जल्दी काय हाय? विरघळून राह्यली ना ती आपली आपण. बघू दे की." जालन्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा हा विक्षिप्त माणूस माझा सीनिअर होता.

सरांना एकच वेड. बदनापूरकडची काळी माती वाळताना, भेग पडायच्या आधी, आत काय होतं? साध्या क्ष-किरणांत ते दिसत नाही. परदेशातल्या एका मोठ्या यंत्रातले किरण मात्र लेझमीच्या पथकासारखे एका तालात चालतात. ते मातीतून गेले की पडद्यावर ठिपक्यांची नक्षी उमटते, आणि आतला कण सरकला की नक्षी बदलते. सरांनी तिथे जाऊन दाखवून दिलं होतं की वरून निपचित दिसणारी माती आत हलत असते. शोधनिबंध छापून आला, नाव झालं. "माती मेलेली नसती, बाई," हे वाक्य वर्गात, लग्नात, एसटीत, कुठेही ऐकावं लागे.

दोन हजार सालानंतर यंत्र पुन्हा मिळालं, तेव्हा मदतीला मी गेले. ठिपके छान बदलत होते, यजमान मंडळी खूश होती. सरच म्हणाले, "किरण निम्मा करून बघू. खात्री झालेली बरी." मी किरणाच्या वाटेत पातळ पत्रा सरकवला. किरण निम्मा झाला आणि हालचालही निम्मी झाली. आणखी मंद केला, तीही मंदावली. शेवटी इतका मंद केला की नक्षीच दिसेना.

आम्ही बघत होतो ती हालचाल मातीची नव्हतीच. आमचा किरणच तिला ढकलत होता. किरणाशिवाय ती हलते का, हे बघायला तर दुसरी वाटच नव्हती. सर भिंतीला धरून उभे राहिले. "मंग मी इतकी वर्षं काय बघितलं गं? माझाच धक्का?" भर दुपारी, परक्या माणसांसमोर ते हमसाहमशी रडले.

निबंध त्यांनी स्वतः मागे घेतला. दुरुस्ती छापा, तेवढं पुरे, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. "खोट्याला ठिगळ लावत न्हाईत," एवढंच ते म्हणाले. पुढे यंत्रासाठी केलेला प्रत्येक अर्ज परत आला. सर खचत गेले. मातीचं ते वाक्य नंतर कुणी ऐकलं नाही.

सरांच्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यात भेटायला गेले, तर त्यांनी माझा हात घट्ट धरला. "किरण न्हाई टाकला, तर हलती का गं ती? खरं सांग."

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण त्यांना खोटं चाललं नसतं.

"माहीत नाही, सर."

"बराबर," ते म्हणाले, आणि माझा हात सोडून दिला.