आठव्या दिवसाचा चहा

सरकारी नियमावर इतका जीव असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नसेल, आणि तो नेमका माझ्या मावशीच्याच नशिबी आला! लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेरीच्या कामाला गावोगावची माणसं येऊ लागली, राहायला जागा पुरेना. मावशीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या आप्पांनी, माडीवरच्या दोन खोल्या मुक्कामाला द्यायचा रीतसर परवाना काढला. तो काचेत बसवून महादेवाच्या तसबिरीशेजारी टांगला. सकाळी एकच उदबत्ती दोघांना ओवाळायचे. माझा मामा एका रात्रीसाठी बहिणीकडे आला, तर त्यालाही मुसाफिरांच्या वहीत सही करायला लावली. "माझ्या भावाला मुसाफिर करून राहिलात?" मावशी कडाडली. "मग येण्याचं कारण 'बहीण' लिहितो की," आप्पा शांतपणे म्हणाले. लिहिलंही तसंच.

परवान्यात एक कलम होतं: कुणालाही सलग सात रात्रींच्या वर ठेवायचं नाही, ठेवलं तर परवाना रद्द. पुढं दुष्काळ पडला तेव्हा निलंग्याकडची एक म्हातारी आली. गावची विहीर आटलेली, घरात मागं कुणी नाही, आणि तिच्या निराधार पगाराचे कागद जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात येता येता कुठंतरी अडकलेले. ते मिळेपर्यंत तिला दुसरा आसरा नव्हता. आठव्या सकाळी आप्पांनी तिचं गाठोडं स्वतः उचललं.

"मी कुठं जाऊ, आप्पा?"

"ष्टँडवर."

"आन् मंग?"

"मंग च्या पिऊ. मुक्काम मोडला म्हंजे मोडला. परत आलात की तुम्ही नव्या!"

असं पाच आठवडे चाललं. दर आठव्या सकाळी ष्टँड, चहा, नवी नोंद, नवा अंगठा. पाणी माणशी एक बादली, तेही आधी तिला, मग घरच्यांना. सुट्टीला तिथं आलेली आम्ही भाचरं पोट धरून हसायचो. आज त्या हसण्याची लाज वाटते. कागद हातात पडले त्या दिवशी ती पाया पडायला वाकली, तर आप्पा म्हणाले, "आधी जाण्याच्या रकान्यात अंगठा द्या."

पुढं बऱ्याच वर्षांनी मावशी गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून आप्पांना मी नांदेडला घरी आणलं. "आता इथंच राहा," म्हटलं, तर नुसते हसले. आठव्या सकाळी पाहतो तर धोतर, टोपी, सगळा जामानिमा करून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसलेले.

"सात रात्री झाल्या रे," म्हणाले. नजरेला नजर देईनात.

मी पिशवी उचलली, त्यांना ष्टँडवर नेलं, चहा पाजला आणि परत आणलं. मग एक कोरी वही काढून रकाने आखले, त्यांचं नाव लिहिलं.

"कारण काय लिहिलंस?"

"भाचा."

त्यांनी चष्मा पुसून नीट वाचलं आणि सही केली. जाण्याचा रकाना मी आखलाच नव्हता.