टॉवेलाखालचा सौदा

माझे चुलते कवठे महांकाळच्या बाजारात मेंढरांचा सौदा टॉवेलाखाली बोटं दाबून करतात. शेजारी उभ्या माणसालाही भाव कळत नाही. त्यांना मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं होतं, की बँकेच्या नावानं ईमेल आला तरी कार्डाचा नंबर कुणाला कळू द्यायचा नाही. परवा तसाच ईमेल आला आणि ह्यांनी नंबर, पिन, सगळं भरून पाठवलं. खातं साफ झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आवं, कुणाला कळू देऊ नका म्हटलं होतं ना?"

"न्हाईच दिलं," ते शांतपणे म्हणाले. "पारावर चौघं बसली व्हती, म्हणून टॉवेल पांघरून भरलं. पण ज्याच्याशी सौदा, त्याला तर सांगाय लागतंयच की!"