चावी लगेच बंद करू नका

घोडबंदर रोडला लागून पिकअप आणि छोट्या टेम्पोंचं एक वर्कशॉप आहे, तिथे मी काउंटरवर बसते. आलेल्या गाडीची तक्रार ऐकायची, जॉबकार्ड भरायचं आणि गाडी परत देताना ड्रायव्हरला एक वाक्य सांगायचं: टर्बोची गाडी आहे, लांबून आलात की चावी लगेच बंद करू नका, एक मिनिट चालू ठेवा. दिवसातून दहा वेळा तरी मी हे म्हणते. झोपेतून उठवलं तरी म्हणेन. माझ्या बापाला मात्र मी ते एकदाच सांगितलं, तेही तोंड वाकडं करून. त्यांच्या हातून गाडी सुटली ती त्यामुळे. चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आता स्टेअरिंगला हात लावत नाही. लोक म्हणतात, असं मनाला लावून घेऊ नये. लोकांचं काय जातं.

आम्ही बाळकुमचे कोळी. आजोबांची खाडीत होडी होती. पाणी काळं झालं, जाळ्यात मासळीपेक्षा पिशव्या जास्त यायला लागल्या, तेव्हा बाबांनी होडी काढून टाकली आणि पिकअप घेतलं. धक्क्यावरून मासळीच्या टोपल्या आणायच्या आणि डोंबिवली-कल्याणच्या बाजारात बसणाऱ्या आमच्या पाड्यातल्या बायकांना पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. त्यातलीच एक आई. ती डोंबिवलीला बसते.

होडी गेली, पण होडीतला एक नियम बाबांनी उचलून गाडीत आणला. होडीत तांडेलाला, म्हणजे सुकाणू ज्याच्या हातात आहे त्याला, कोणी शिकवायचं नसतं. वाट चुकली असं वाटलं तरी गप्प बसायचं, त्याला काहीतरी दिसत असेल म्हणायचं. मी लहान असताना बाबा एकदा शिळफाट्याला डोंबिवलीकडे वळायचं विसरले आणि सरळ पनवेलच्या रस्त्याला लागले. आईला दिसत होतं, मलाही दिसत होतं. आम्ही दोघी तळोजा येईपर्यंत समोर बघत बसलो. बर्फाचं पाणी झालं, बाजारात बायकांनी बाबांना शिव्या घातल्या, तरी घरी कोणी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. ही गोष्ट मी कॉलेजात मैत्रिणींना हसत हसत सांगायचे.

ते जुनं पिकअप बिनटर्बोचं होतं. साधं डिझेल इंजिन आपल्याच छातीने हवा ओढतं, जेवढी ओढली तेवढ्यावर चालतं. भरलेली गाडी मुंब्रा बायपासचा चढ दुसऱ्या गिअरवर चढायची, मागचे हॉर्न मारून मारून थकायचे आणि बाबा शांतपणे म्हणायचे की दम लागला तरी पोचते ना. तिचा एक गुण होता, काहीही सहन करायची. सिग्नलला, फाटकाला, बाजाराच्या तोंडाशी, गाडी थांबली रे थांबली की बाबा चावी बंद करायचे. उभ्या गाडीत डिझेल जाळणं म्हणजे त्यांच्या लेखी शिजवलेला भात गटारात ओतणं. इतक्या वर्षांत त्या इंजिनाने या सवयीबद्दल कधी कुरकुर केली नाही.

मग तिचं पासिंग होईना. धूर काळा, वय झालेलं. टर्बोची गाडी घ्या, हे मीच बाबांच्या मागे लागून म्हटलं. काउंटरवर बसून मला सगळं कळतं असा माझा तोरा होता. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर आत एक छोटं चक्र फिरतं, ते इंजिनात हवा कोंबतं, म्हणून तेवढ्याच इंजिनाला जास्त ताकद येते, असं मी त्यांना जेवताना ताटात बोटाने गोल काढून समजावलं. ते ऐकत होते. पहिल्या दिवशी भरलेली गाडी बायपास तिसऱ्या गिअरवर चढली. बाबांनी एका ट्रकला मागे टाकलं आणि त्या दिवशी पाड्यातल्या प्रत्येक ओट्यावर थांबून ते सांगितलं. इतकं खूश मी त्यांना माझ्या नोकरीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मी त्यांना ते वाक्य सांगितलं. चढ चढून आल्यावर ते चक्र तापून लाल झालेलं असतं आणि भयंकर वेगाने फिरत असतं. त्याचा दांडा तेलावर तरंगतो. चावी बंद केली की तेल थांबतं, चक्र मात्र कोरडंच फिरत राहतं. हे सगळं मी त्यांना नीट सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर बाजारात, चार बायकांसमोर, गाडीची खिडकी वाजवून म्हटलं की किती वेळा तोच अडाणीपणा करणार, एक मिनिट चालू ठेवत जा. बाबांनी चावी काढून खिशात टाकली.

"तू मना गारी शिकवशील काय गो?" ते म्हणाले.

बायका हसल्या. घरी आई म्हणाली की तांडेलाला चारचौघांत बोलत नाहीत, तू चुकलीस. मला राग आला. माझं खरं होतं आणि माफी मीच मागायची? मीही कोळ्याचीच पोर, हट्टाला कमी नाही. मनात म्हटलं, मग होऊ दे काय व्हायचं ते.

आणि मी होऊ दिलं. दीड वर्ष. सुट्टीच्या दिवशी मी आईबरोबर बाजारात जायचे तेव्हा बाबांच्या शेजारी बसलेली असायचे. बायपास उतरून शिळफाट्याच्या गर्दीत गाडी थांबली की त्यांचा हात चावीकडे जायचा. दरवेळी माझं तोंड उघडायचं आणि मी ते मिटून घ्यायचे. पुढे टर्बोची शिट्टी बदलली, बारीक किंचाळल्यासारखी झाली. सकाळी गाडी सुरू करताना निळा धूर यायला लागला. सीटच्या मागे मला ऑइलचा अर्धा रिकामा कॅन सापडला, म्हणजे बाबा गुपचूप ऑइल भरत होते, म्हणजे त्यांनाही काहीतरी कळलं होतं आणि मला विचारायची त्यांना लाज वाटत होती. त्या दिवशी मी बोलले असते तर नुसता टर्बो बदलून भागलं असतं. दुसऱ्या कोणाच्या गाडीतून असा धूर आला असता तर मी त्याला काउंटरवरून हलू दिलं नसतं. बापाच्या गाडीचा कॅन मी जिथे होता तिथे ठेवला.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं डोंबिवलीहून रिकाम्या टोपल्या घेऊन परत आलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबांनी गाडी उभी केली आणि सवयीने चावी बंद केली. इंजिन बंद झालं नाही. उलट त्याचा आवाज चढायला लागला. टर्बोतून गळणारं ऑइल इंजिन आत ओढून घेत होतं आणि तेच जाळत होतं, आता त्याला ना डिझेल लागत होतं ना चावी. गाडी थरथरत होती. पांढरानिळा धूर गल्लीभर झाला. आई आणि मी खाली उतरलो. जिथे आमची जाळी वाळायची तिथे आता टॉवर आहेत, त्यांच्या बाल्कन्यांतून लोक मोबाइलवर शूटिंग करत होते.

बाबा आत बसून होते. त्यांनी चावी काढली, परत घातली, फिरवली, परत काढली. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून झोपू देत नाही.

"चावी तं काढली गो मी," ते म्हणाले.

काय करायचं ते मला माहीत होतं. मी खिडकीशी जाऊन ओरडले, बाबा, ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका, क्लच सोडा. आयुष्यात पहिल्यांदा मी तांडेलाला हुकूम सोडला. त्यांना पहिल्यांदा ऐकूच गेलं नाही, दुसऱ्यांदा समजलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी लहान मुलासारखं मी म्हटलं तसं एकेक केलं. गाडीने एक धक्का खाल्ला आणि सगळं बंद पडलं. बाबा खाली उतरले, हात पँटला पुसले आणि कोणाकडे न बघता घरात गेले.

सोमवारी गाडी ओढून आमच्याच वर्कशॉपला आणली. बाबा बरोबर आले, इस्त्रीचा शर्ट घालून. मिस्त्रीने टर्बो उघडला. चक्र हाताने हलवलं तर खडखडत होतं, दांडा जळून काळा पडला होता. इंजिनही आतून गेलं होतं. मिस्त्री चांगला माणूस आहे, त्याने आवाज न चढवता विचारलं की काका, थांबल्या थांबल्या बंद करत होता काय, तुम्हाला कोणी सांगितलं नाही? आजूबाजूला माझ्याबरोबर काम करणारे सगळे उभे होते. त्यांच्यापैकी एक माझ्याकडे बघायला लागला.

बाबांना ते दिसलं.

"सांगितला ना," बाबा म्हणाले. "माझे पोरीनी सांगितला. रोज सांगत व्हती ती. मीच आयकला नाय."

एकदाच, चारचौघांत, अपमान करून सांगितलं आणि मग दीड वर्ष शेजारी बसून बघत राहिले, हे तिथे म्हणायला चार शब्द पुरले असते. माझ्या जिभेला ते उचलवले नाहीत. मी काउंटरमागे गेले आणि जॉबकार्ड काढलं. त्यात एक चौकट असते, बिघाडाचं कारण. मिस्त्रीने जे सांगितलं ते मी माझ्या अक्षरात लिहिलं: चालकाची चूक. बाबांना वाचता येतं. त्यांनी चष्मा लावून कार्ड वरपासून खालपर्यंत वाचलं, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.