दारातल्या चपला

रविवारी दुपारी लेक कॉम्प्युटरवर बंदुकीचा गेम खेळत होती आणि मी मागे उभा राहून बघत होतो. तिच्या तुकडीला एका घरात घुसायचं होतं. दाराबाहेर चपला काढलेल्या होत्या. एक जोड लहान मुलाचा, त्यातली एक चप्पल उलटी पडलेली. आत ओट्यावर चहाचा कप होता आणि त्यातून वाफ निघत होती.

"बाबा, डिटेलिंग बघ ना! फरशीवर बुटांचा आवाज वेगळा येतो, सतरंजीवर वेगळा."

"पण घरातली माणसं कुठायत?"

"माणसं नसतात रे यात. हे सगळं फक्त खरं वाटावं म्हणून."

मग दार फुटलं. कप फुटला, चहा ओट्यावरून खाली ओघळला आणि मी नकळत स्क्रीनकडे वाकलो. ती उलटी चप्पल निदान सरळ करून ठेवावी, असं वाटून गेलं. कुणीतरी किती मायेनं हे घर मांडलं असेल, आणि तेही फोडण्यासाठीच!

संध्याकाळी जेवताना टीव्हीवर युद्धाची बातमी लागली. आकाशातून टिपलेलं करडं चित्र, खोक्यांसारखी छपरं, आणि त्यातल्या एका छपरावर अचानक पांढरा ठिपका. आवाजसुद्धा नाही. त्याही दारात चपला असणारच. मी डोळे ताणून पाहिलं, पण एकही दिसेना, आणि दुपारसारखं माझ्या आत काही हललंही नाही. खरेपणा असा चपलेएवढाच असतो की काय?

बातमी बदलली. मी वाटी पुढे केली. लेकीनं तीत आमटी वाढली. आमटीतून वाफ निघत होती.