शेवटच्या गावाचं पाणी

नालवाडीत राहणाऱ्या सरिता थूल चार वर्षांपूर्वी गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. त्यांनी एकेकाळी संगणकावरचे खेळ बनवून विकले होते, हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. मलाही गेल्या वर्षीच कळलं.

गोष्ट १९८८ सालची. सरिताबाई तेव्हा पुलगावला शाळेत नव्याने लागल्या होत्या. त्यांचे यजमान रत्नदीप टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे एक घरगुती संगणक आला, टीव्हीला जोडायचा, रबरी बटणांचा. त्यातला प्रोग्रॅम गाण्याच्या साध्या कॅसेटवर साठवला जायचा. रत्नदीपभाऊंनी आठवडाभर तो उघडून पाहिला आणि मग बाजूला ठेवला. सरिताबाईंनी मात्र त्याची पुस्तिका वाचून काढली आणि सहा महिन्यांत एक खेळ लिहिला. नाव ‘पाटपाणी’.

एक धरण, एक कालवा, त्यावर पाच गावं. खेळणारा पाणी सोडणारा अधिकारी. कोणाला किती पाणी द्यायचं, धरणात किती राखायचं, हे त्यानं ठरवायचं. दहा वर्षं पाचही गावं तगली तर जिंकला. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून मराठी वाक्यं रोमन अक्षरांत लिहिली.

दोघांनी ‘ओंजळ’ नावाची छोटी संस्था काढली. दोन टेपरेकॉर्डर जोडून रत्नदीपभाऊ कॅसेटी भरायचे. नागपूरच्या एका वर्तमानपत्रात बोटभर जाहिरात दिली. मागण्या टपालानं येत गेल्या, अकोल्याहून, भिलाईहून, एक तर थेट बडोद्याहून. मग किल्ल्याच्या वेढ्यावरचा दुसरा खेळ आला. तिसरा सुरू झाला.

तेवढ्यात नाचणगावहून एक पोस्टकार्ड आलं. लिहिणारे बबनराव, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. मुलाच्या संगणकावर ते ‘पाटपाणी’ खेळले होते. ‘आपल्या खेळात चूक आहे. भेटावे.’ एवढंच.

सरिताबाईंना राग आला. तरी शाळा सुटल्यावर त्या गेल्या, नाचणगाव काही पुलगावपासून लांब नाही. बबनरावांनी ओसरीवर सतरंजी टाकली आणि एक वही पुढे केली. तीत त्यांनी खेळलेले चौदा डाव पेन्सिलीनं मांडले होते.

“म्याडम, टेलच्या, म्हंजे कालव्याच्या शेवटच्या गावाले पाणी कमी भेटते, हे खरं हाय,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं मी तेच पाह्यलं. पण तुमच्या खेळात त्याले भेटूच शकत नाई. धरण भरून सोडलं तरी ते गाव मरते. काऊन?”

सरिताबाई वही घेऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी चूक सापडली. वाटेत पाझरून जाणारं पाणी प्रत्येक गावाच्या वाट्यातून वजा होत होतं. पाचव्या गावाच्या वाट्यातून मात्र दोनदा. एका ओळीची चूक. खेळ जिंकणं अशक्यच होतं.

“पुढच्या कॅसेटींत दुरुस्त करून टाकू,” रत्नदीपभाऊ म्हणाले. “कोणी तक्रार करून राह्यलं का?”

“एकानं केली ना.”

“बाकीच्यायले समजलं बी नाई, सरिता.”

“तेच तर. त्यायले वाटत असंन, आपल्यालेच जमत नाई. टेलचं गाव असंच मरते, असं वाटत असंन. मी मास्तरीण आहे, चुकीचं गणित शिकवून कशी बसू?”

संध्याकाळी रत्नदीपभाऊंनीच दोन्ही टेपरेकॉर्डर पुसून जोडून ठेवले.

खेळ घेतलेल्या सगळ्यांसाठी दोनशे बारा कॅसेटी पुन्हा भरल्या. प्रत्येकीसोबत सरिताबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी होती: चूक आमची आहे, कृपया पुन्हा खेळून पाहावे. तिसऱ्या खेळासाठी राखलेले पैसे टपालात गेले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तसले संगणकही बाजारात दिसेनासे झाले आणि मागण्या थांबल्या. सव्वा वर्षात ‘ओंजळ’ संपली. रत्नदीपभाऊ दुकानात रमले, सरिताबाई शाळेत. दोघांपैकी कोणी त्याबद्दल हळहळलं नाही, असं नाही.

गेल्या वर्षी नाशिकहून धीरज नावाच्या गृहस्थाचा फोन आला. जुने खेळ गोळा करून इंटरनेटवर ठेवायचा त्याला नाद. त्याच्याकडे ‘पाटपाणी’च्या दोन कॅसेटी होत्या आणि दोन्ही सारख्या का नाहीत, हे त्याला उमगत नव्हतं.

सरिताबाईंनी सगळं सांगितलं. “पहिली काढून टाकजा, भाऊ,” असंही म्हणाल्या.

“राहू द्या ना, मॅडम. दोन्ही ठेवतो.”

“बरं. मग खाली लिहा, चूक माझी होती, अन् ती नाचणगावच्या बबनरावांनी शोधली.”

तसं लिहिलेलं आहे, मी पाहिलं.

परवा त्यांच्याकडे गेलो तर त्या आपलाच खेळ मोबाइलवर खेळत होत्या. रत्नदीपभाऊ मागून डोकावत होते. चौथ्या वर्षीच धरण कोरडं पडलं होतं.

“ही पहिल्या गावाले लय देऊन बसली,” भाऊ मला म्हणाले.

“तुम्हीच म्हटलं होतं देजो म्हणून,” सरिताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी नवा डाव मांडला.