डाव्या हाताची पंगत

इंटरव्हलला लखमा केबिनच्या दाराशी आला आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो आमचा पिच्चर नाय."

मी तेव्हा कार्बनच्या कांड्या बदलत होतो. प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसायचा. कार्बनच्या दोन कांड्या टोकाला टोक जवळ आणून ठिणगी पेटवायची आणि त्या उजेडावर सिनेमा चालवायचा. हे काम करताना माणसाने बोलू नये. पण लखमाचा चेहरा असा पडला होता, की मी कांड्या खाली ठेवल्या.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि बोईसर माणसांनी भरत चाललं होतं. आमच्या टूरिंग टॉकीजचा तंबू दिवाळीनंतर उमरोळीला लागायचा, मग बोईसरला यायचा. मी त्या तंबूचा ऑपरेटर. मालक नरहरशेठ म्हणजे तोंडाने फटकळ आणि मनाने लोणी. अर्थात लोणी दिसायला फार वेळ लागायचा.

त्या हंगामात आमच्याकडे एक मराठी विनोदी सिनेमा आला होता. काशीला जातो म्हणून घरातून निघालेले एक काका स्वतःच्याच घराच्या माळ्यावर लपून बसतात आणि भूक लागली की चोरून खाली येतात, एवढीच गोष्ट. शेठना पौराणिक सिनेमा हवा होता. मीच त्यांच्या मागे लागून हा मागवून घेतला. तो इतका चालला, की हंगामात पुन्हा पुन्हा आणावा लागला. खुर्चीवाल्यांना संवाद पाठ झाले. मी तर भेटेल त्याला 'एकदा बघाच' म्हणून सांगत सुटायचो. स्टेशनातल्या पोर्टरलाही सोडलं नाही.

लखमा केंद्राच्या बांधकामावर मजूर होता, डोंगराकडच्या पाड्यावरचा. हा सिनेमा लागला की तो हजर. माझ्याइतकंच त्याचंही त्या काकांवर प्रेम होतं, त्यामुळे तो मला आपला माणूस वाटायचा.

"तुझा पिक्चर नाही म्हणजे काय?" मी विचारलं. "तेच काका, तोच माळा."

"मानसा तीच हायत," तो म्हणाला. "पन आमच्या पिच्चरमधी सगली डाव्या हातान जेवत होती."

मला वाटलं, पोरगा घेऊन आलाय. पण वास येत नव्हता. मग त्याने खालच्या आवाजात सगळं सांगितलं. शिमग्याला तो पाड्यावर गेला होता. नवीन लग्न झालेलं, बायको अजून माहेरी. लखमाने शेत सोडून बोईसरची मजुरी धरली, हे सासऱ्याला पसंत नव्हतं. शहरात गेलेला माणूस थापाड्या होतो, असं त्याचं ठाम मत. लखमाने बोईसरजवळ सरावलीला खोली घेतल्याचं सांगितलं, त्यावरही त्याचा विश्वास नव्हता. त्यातच लखमाने हौसेने ह्या सिनेमाचं वर्णन केलं. मोठी शिकलेली माणसं, अंगावर दागिने, आणि जेवतात मात्र डाव्या हाताने. पाडाभर हसला. सासरा म्हणाला, हे बघितल्याशिवाय पटणार नाही. आज तो आणि पाड्यावरची चार मोठी माणसं मुद्दाम खाली उतरून आली होती. काका पहिल्या भागात उजव्या हाताने लाडू खाताना दिसले आणि सासरा एकच वाक्य बोलला, "जावय, लाडू खोटा तं खोली पन खोटी."

थोडक्यात, बायको सरावलीला यायची की नाही, हे त्या काकांच्या हातावर येऊन ठेपलं होतं.

मी डोकं खाजवलं. मग विचारलं, "लखमा, तू बसायचास कुठे?"

"मांगं. पडद्याच्या मांगं."

तेव्हा उलगडा झाला. आमचा जुना पडदा पातळ कापडाचा होता. खेळ सुरू होण्याआधी त्यावर पाणी मारायचं. ओल्या कापडातून चित्र पलीकडेही उमटायचं. म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूलाही माणसं बसायची, स्वस्त तिकिटात. चित्र तेच, फक्त आरशात बघावं तसं उलटं. मारामारीच्या नाहीतर देवादिकांच्या सिनेमात ते कोणाच्या लक्षात येत नाही. देव काही पडद्यावर वरणभात कालवत नाहीत. पण ह्या सिनेमात पहिल्यापासून शेवटपर्यंत खाणंच खाणं. मागच्या बाजूने मधेच हशा यायचा, पुढे सगळे चिडीचूप असायचे, आणि मी केबिनमध्ये बुचकळ्यात पडायचो. शेठना वाटायचं, मागे टवाळखोर बसतात. ती माणसं खरं तर आमच्यापेक्षा जास्त विनोदी सिनेमा बघत होती.

शिमग्याच्या सुमारास शेठनी केंद्राच्या कॉलनीतल्या साहेबलोकांसाठी जाड, पांढरा शुभ्र पडदा आणला. चित्र झकास दिसायला लागलं, पण मागे काहीच उमटेना. शेठनी मागची बैठक बंद केली आणि त्या माणसांना त्याच तिकिटात पुढे बसवलं. भलं केलं असंच सगळ्यांना वाटलं.

लखमाला मी समजावलं, की सिनेमा तोच आहे. त्याला पटलं. "पन सासऱ्याला कसा पटल?" तो म्हणाला. "तो म्हनल, मास्तरला पन फितवला." मी इतक्या लोकांना हा सिनेमा बघा म्हणून सांगितलं, पण स्वतःचा शब्द पणाला लावून सांगणारा हा एकटाच.

दुसऱ्या भागात लग्नाची पंगत होती, सिनेमातला सगळ्यात गाजलेला प्रसंग. त्याचं रीळ अजून लागायचं होतं. रीळ उलटं लावता येतं. फिल्मला दोन्ही कडांना सारखीच भोकं असतात, त्यामुळे डावी कड उजवीकडे केली तरी यंत्राची तक्रार नसते. अडचण आवाजाची. फिल्मच्या एका कडेला बारीक नागमोडी पट्टी असते, तीच आवाज. फिल्म उलटली की पट्टी भलत्या बाजूला जाते आणि यंत्र नुसतं गुरगुरतं. म्हणजे पंगत मुकी दाखवावी लागणार. मी शेठना गाठलं.

"शेठ, एक रीळ उलटं लावतो. आवाज येणार नाही."

"डोकं ठिकाणावर आहे का? पुढे कॉलनीतले साहेब बसलेत."

"साहेबांना सगळं पाठ आहे."

मी लखमाची हकिगत सांगितली. शेठनी तंबूच्या फटीतून आत पाहिलं. पाड्यावरची माणसं ओळीने बसली होती, लखमाही त्यांच्यात जाऊन बसला होता, आणि सासरा जावयाकडे पाठ करून.

"हा सिनेमा तुमच्या शब्दावर आणलाय," शेठ म्हणाले. "आता तुमच्याच शब्दावर बुडू दे."

आधीचं रीळ चालू असताना मी पंगतीचं रीळ पीळ देऊन उलटं गुंडाळलं. आमच्याकडे प्रोजेक्टर एकच, त्यामुळे रीळ बदलताना थांबावं लागायचंच. लावलं, आवाजाचं बटण पूर्ण बंद केलं आणि देवाचं नाव घेतलं.

पंगत बसली. चिडीचूप. खुर्च्यांमधून कोणीतरी ओरडलं, "आवाज!" एवढ्यात बायकांच्या बाजूने पाम गावची एक बाई म्हणाली, "अगो, पदर बघ. सगल्यांचा पदर उलट्या खांद्यावर." तेवढ्यात पानं वाढून झाली आणि दागिन्यांनी मढलेल्या, सोवळं नेसलेल्या त्या सगळ्या माणसांनी गंभीर चेहऱ्याने डावा हात भातात घातला.

आधी पाड्यावरची माणसं हसली. मग बायका, मग खुर्च्या. भटजी डाव्या हाताने आचमन करताहेत हे बघून एक साहेब खुर्चीवरून घसरायचे बाकी राहिले. काका मफलर गुंडाळून चोरून पंगतीत बसतात, तो क्षण आला. काकू वाढता वाढता त्यांच्यासमोर थांबल्या. भाताला आळं करायची नवऱ्याची पद्धत त्यांनी ओळखली होती. पडद्यावर त्यांचे ओठ हलले, आवाज नव्हता, आणि सगळा तंबू एका सुरात म्हणाला, "वाढू का अजून, काशीकर?"

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू.

खेळ सुटल्यावर सासरा केबिनशी आला. त्याने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसून हसून त्याचे डोळे अजून ओले होते. लखमाच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "चल, खोली दाव."

ते सरावलीच्या वाटेला लागले. शेठ आले. मी शिव्या खायच्या तयारीने उभा होतो. शेठ इकडेतिकडे पाहून म्हणाले, "ती डावी पंगत उद्या पुन्हा लावता येईल का? लोक विचारतायत."

हंगाम संपेपर्यंत ती तशीच लावली. शेवटच्या खेळाला लखमा बायकोला घेऊन आला. ती तोंडावर पदर धरून हसत होती आणि लखमा पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

आता माझी नात मला टीव्हीवरच्या मालिका सुचवते, आजोबा हे बघाच म्हणते. माझीही एक आवडती मालिका आहे, मीही तिला तेच म्हणतो. पण कोणी काही बघायला सांगितलं, आणि बघून आपल्याला हसू आलं नाही, तर मी त्या माणसाला नावं ठेवत नाही. तो कुठे बसला होता, ते आधी विचारतो.