कण्हेरीच्या फुलांचं पाणी

अकोल्याहून वलगावला सासरी आले तेव्हा माझ्यासोबत एक ट्रंक होती आणि टोपलीत दोन मांजरी, एक काळी, एक भुरी. सासरची माणसं फिदीफिदी हसली. हसोत! मी काही त्या परत पाठवणार नव्हते.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. सासरी फुलांचा मळा होता. आत झेंडू, शेवंती आणि कुंपणाला सगळी कण्हेर, कारण ती विषारी, तिला शेळ्या तोंड लावत नाहीत. सोमवारी अमरावतीत महादेवासाठी कण्हेरीची फुलं हातोहात खपायची. म्हणून रविवारी ती तोडायची आणि ताजी राहावीत म्हणून ओसरीत पाण्यानं भरलेल्या घमेल्यात सोडायची, ही घरची रीत.

एका रविवारी काळी मांजर लाळ गाळायला लागली. ओकली, झोकांड्या खाल्ल्या आणि दिवेलागणीच्या आत तिचा जीव गेला. सासूबाईंनी थेट शेजारणीवर आळ घेतला, "तिनंच उंदराचं औषध ठेवलं असन!" कुंपणावरून असं भांडण जुंपलं की विचारू नका. मी ओसरीत रडत बसले होते, तर भुरी आली आणि घमेल्यातल्या पाण्याला जीभ लावायला वाकली. मी तिला झडप घालून उचललं. काळीही दुपारी तिथंच पाणी प्यायली होती की!

मी सासूबाईंना हाक मारली, "आत्याबाई, औषध नाही. हे पाणी हाय, कण्हेरीचं."

"काहून डोकं खाऊन राहिली? मांजर काय पाला खाते? इतकी वर्सं फुलं इथंच ठेवून राहिलो आमी."

"मंग झाकून तरी ठेवा."

"झाकली का कोंडतेत, काळी पडतेत. काळी फुलं देवाले कोन वाहीन?"

फुलांचं त्यांचं खरं होतं. पण माझी एक मांजर मेली होती, दुसरी मी मरू देणार नव्हते. मी घमेल्यावर फडकं टाकायची, त्या ओढून काढायच्या. मी पुन्हा टाकायची. नव्या सुनेला फार तोंड आहे, असं गल्लीभर झालं. होतंच मला तोंड!

पुढच्या रविवारी मी भुरीला खोलीत कोंडून कडी लावली. ती ओरडते म्हणून सासूबाईंनी कडी काढली. बाहेर पडली ती सरळ घमेल्याकडे. मग मात्र माझं टाळकं सरकलं. भुरीला काखेत मारलं, फुलं बाजूला सारून गडवाभर पाणी घेतलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"काहीच होत नाही ना यानं? मंग मीच पेते."

गडवा ओठाला लागला न लागला तोच सासूबाई धावल्या. असा फटका मारला की गडवा अंगणात जाऊन पडला.

"मरशीन ना वो पोरी!"

"मी मरीन, अन् ही नाही मरनार?" मी ओरडले. "हिचा जीव जीव नाही काय?"

त्यांनी घमेलं उचललं, परसात खड्डा करून पाणी ओतलं. फुलं ओल्या फडक्यावर टोपलीत पसरली आणि टोपली आढ्याला टांगली. मग माझ्याकडे आल्या, पदरानं माझं तोंड खसाखसा पुसलं. नंतर त्याच पदरानं भुरीचं.

"पाहून काय राहिली?" मलाच दरडावलं. "दूध दे तिले."